मालगुजाराचा पडका वाडा, चांदीचे सात रुपये आणि एक टाक

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ पस्तिशीतले, हिंगणा एमआयडीसीत नोकरीला. काही वर्षांपासून त्यांना मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचा छंद जडला आहे. सुट्टीच्या दिवशी एका मित्राला घेऊन ते नागपूरच्या आसपासची पडकी घरं आणि बंद वाडे धुंडाळतात. आजवर खिळे, बिजागऱ्या, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, नव्या पैशांची नाणी असंच काहीबाही सापडत आलं. दिवाळीनंतर मात्र एका गावातल्या मालगुजारी वाड्यात, मागची भिंत ढासळली होती तिथून ते आत गेले आणि माजघरातल्या कोनाड्याखालच्या जमिनीत त्यांना पितळेची एक डबी मिळाली. आत चांदीचे सात रुपये होते, त्यांतला सर्वांत अलीकडचा 1919 सालचा, आणि झिजलेला एक चांदीचा टाक, म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचा देवाचा लहान पत्रा. मित्र म्हणतो, इतवारीत सराफाकडे नेऊन विकू आणि अर्धे-अर्धे करू. आई म्हणते, गुप्तधन घरात नको, होतं तिथे पुरून ये. पत्नी म्हणते, देवळात देऊन टाका. त्यांना स्वतःला ती नाणी ठेवावीशी वाटतात. ते लिहितात, "वाडा चाळीस वर्षांपासून रिकामा आहे. मी कोणाचं काही चोरलेलं नाही, मातीतच पडून होतं. तरी मनाला स्वस्थता नाही. काय करू? हा छंदच सोडून देऊ का?"

तुमचं पत्र वाचताना एका गोष्टीने मला बरं वाटलं. डबी अजून तुमच्या कपाटात आहे. ती सराफाकडेही गेलेली नाही आणि परत मातीतही गेलेली नाही. म्हणजे सगळं नीट मार्गी लावता येण्यासारखं आहे. ते कसं, हे पुढे सांगते. त्याआधी तुमच्या "रिकामा" या शब्दापाशी जरा थांबू, कारण तुमचं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

आपल्याकडचे हे मालगुजारी वाडे ओस का पडले? 1951 साली मालगुजारी संपली. सारा गोळा करायचा अधिकार गेला आणि त्याबरोबर गावातला रुबाबही गेला. मुलं शिकायला नागपूरला आली, धरमपेठेत नाहीतर रामदासपेठेत घरं झाली. पुढची पिढी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली. वाड्यात एखादी म्हातारी आत्या शेवटपर्यंत राहिली, ती गेल्यावर कुलूप लागलं. कुलूप लावणारा गेला तरी मालकी जात नाही, ती वाटली जाते. चार भावांचा वाडा तिसऱ्या पिढीत वीस-पंचवीस जणांचा होतो. एकाची सही मिळाली तर दुसऱ्याची मिळत नाही. वाटणीचा दावा तारखांवर चालत राहतो, आणि म्हणूनच तो वाडा कोणी दुरुस्तही करत नाही नि विकतही नाही. महालातल्या, जुनी शुक्रवारीतल्या बंद वाड्यांची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त तिथे जुने भाडेकरू आणि नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, पट्ट्याची भानगड वर असते. तुम्हाला जी जागा बेवारस वाटते, ती बहुतेक वेळा वारस फार झाल्यामुळे पडलेली असते.

तेव्हा पडलेल्या भिंतीतून आत जाणं हे कोणाच्या तरी घरात न विचारता जाणंच आहे. तुम्ही चोरीच्या हेतूने गेला नाहीत, हे मला मान्य आहे. पण "मातीत पडून होतं" हेही तितकंसं खरं नाही. कोनाड्याखाली, डबीत घालून, जमीन उकरून ठेवलेली वस्तू पडलेली नसते. ती कोणीतरी ठेवलेली असते.

आता कायद्याचं बघू. 1878 सालचा भारतीय निखात निधी कायदा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं त्यात लिहायचं आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या आतली एक तारीख देतात. मागच्या शंभर वर्षांत आपल्याच पूर्वजाने हे पुरलं होतं असं कोणी पुढे येऊन म्हणालं, तर त्याला दिवाणी कोर्टात आपला हक्क सिद्ध करायची संधी मिळते. तसं कोणी आलं नाही, तर निधी बेवारस ठरतो. मग जागेच्या मालकाने दावा केला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला, अशी वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर ते धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ती घेऊ शकतं. पण न कळवता वस्तू ठेवून घेतली, तर आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. कायदा सापडणाऱ्याला हिस्सा देतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. लोक लपवतात ते बहुधा "सरकार सगळं घेऊन जाईल" या समजुतीने.

तुमचा 1919चा रुपया मात्र मला महत्त्वाचा वाटतो. शेवटचं नाणं 1919चं, म्हणजे डबी त्यानंतर कधीतरी पुरली गेली. पण किती नंतर? जॉर्ज पंचमचा चांदीचा रुपया 1922 पर्यंत पाडला गेला आणि मग बरीच वर्षं नवा रुपया निघालाच नाही. म्हणजे 1935 साली पुरलेल्या डबीतही शेवटचं नाणं 1919चं असू शकतं. शिवाय 1940 साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा जुने चांगल्या चांदीचे रुपये लोकांनी घराघरांत दडवून ठेवले. तेव्हा तुमची डबी शंभर वर्षांच्या आतली असण्याची शक्यता चांगलीच आहे. ज्या बाईने किंवा बुवाने ती पुरली, त्यांची नातवंडं आज नागपुरात सत्तरीत असतील.

आणि टाक. नाण्यांवर राजाचं डोकं असतं, ती कोणाच्याही घरातली असू शकतात. टाक मात्र घराण्याचा असतो. देव्हाऱ्यात कुलदैवताचा, देवीचा, कधी घरातल्या वीरपुरुषाचा असा संच असतो आणि वेगळं घर मांडलं की त्या घरासाठी नवे टाक घडवतात. रोजच्या अभिषेकाने, पुसण्याने चेहरा झिजतो. तुमचा टाक इतका झिजला आहे म्हणता, म्हणजे कितीतरी वर्षं कोणीतरी रोज सकाळी तो हातात घेतलेला आहे. मन स्वस्थ नाही ते यामुळेच, असं मला वाटतं. झोप उडणं हे अपराधी असल्याचं नव्हे, शहाणपण शाबूत असल्याचं लक्षण आहे. सात रुपयांत मिळून जेमतेम 75 ग्रॅम शुद्ध चांदी असेल, तेवढ्यासाठी तुम्ही बेचैन झालेले नाही.

काय करावं, ते आता नीट सांगते. आधी एका वकिलाला भेटा. आत कसे गेलात आणि कळवायला उशीर का झाला, हे अर्जात कसं मांडायचं ते वकील सांगतील. त्यांच्यापासून काही लपवू नका. मग अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तोवर नाण्यांना हात लावू नका. चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी, राखुंडी, यांतलं काहीही नको, कारण घासलेल्या नाण्यावरची अक्षरं जातात आणि त्याबरोबर त्याची ओळखही. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, डबी आणि टाक वेगळे. कोनाडा कोणत्या भिंतीत, किती खोल, डबी उभी की आडवी, आठवतं आहे तोवर कागदावर काढून ठेवा. आज ना उद्या कोणीतरी ते विचारेल.

वारस शोधणं वाटतं तितकं कठीण नाही. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते, शेतीची सात-बारावर. तलाठ्यांना विचारा. त्याहून सोपं म्हणजे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मालगुजाराच्या घरातलं कोण कुठे गेलं, कोणाची मुलगी कुठे दिली, हे त्यांना तोंडपाठ असतं. शहरातल्या वाड्याचा प्रश्न असेल तर नगर भूमापन कार्यालयातली आखीव पत्रिका बघायची. पण वकिलाला विचारल्याशिवाय आणि अर्ज दिल्याशिवाय वारसांना परस्पर डबी देऊन मोकळं होऊ नका. कोणा एकाला दिली आणि बाकीच्यांनी हरकत घेतली, तर वाटणीच्या त्या भांडणात तुम्हीही ओढले जाल.

मित्राचा मार्ग तर पूर्ण सोडा. सराफ विचारेल, हे कुठून आणलं? खोटं बोलावं लागेल, आणि ते एकदाच बोलून भागणार नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तूत मोडतं, त्याच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, आणि वाटणीत ते वितळलं की परत येणं नाही. देवळात देण्याच्या कल्पनेमागची पत्नीची भावना चांगली आहे, पण जे आपलं नाही ते दान कसं करणार?

आईचं म्हणणं मात्र सोपं समजू नका. "धनावर नाग बसतो, हात लावला की घराला लागतं" ही भीती तिने लहानपणापासून ऐकलेली आहे. तिच्याशी वाद घालू नका. पडक्या वाड्यात नाग असतात हे खरंच आहे, कारण तिथे उंदीर असतात आणि गारवा असतो. तिला एवढंच सांगा की जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं आहे, ज्यांचं आहे त्यांना विचारलं जाणार आहे आणि वस्तू घरात राहणार नाही. तिचं म्हणणंही तेच आहे.

आता छंदाचं. सोडू नका, पण तो करायची पद्धत पूर्ण बदला. याबाबत मला जे सर्वांत जास्त काळजीचं वाटतं, त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. विदर्भात गुप्तधन हा शब्द उच्चारला की काय काय होतं, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. मांत्रिक येतो, पायाळू माणूस शोधतात, अमावास्येला खोदायला बसतात, आणि काही वेळा त्यात लहान मुलांचे जीव गेले आहेत. म्हणूनच 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख आहे. अशा गावात संध्याकाळी दोन अनोळखी माणसं, डोक्याला टॉर्च, हातात यंत्र आणि कुदळ घेऊन पडक्या वाड्यात शिरताना दिसली, तर लोक काय समजतील? "कोन आहे बे तिकडे? गुप्तधन काढून राहिले काय?" एवढी हाक ऐकू आली की पाच मिनिटांत चौकात माणसं जमतात. तुमचं ऐकून घ्यायला तेव्हा कोणी थांबत नाही. आणि गावकऱ्यांचं मला चुकीचंही वाटत नाही, त्यांना त्यांच्या मुलांची काळजी आहे.

तेव्हा काय करायचं असेल ते दिवसाउजेडी आणि गावाला सांगून करा. आधी सरपंचांना, पोलीस पाटलांना भेटा. यंत्र त्यांच्यासमोर सुरू करून दाखवा, पोरांना त्यांच्या खिशातलं नाणं शोधू द्या. मालकाची परवानगी कागदावर घ्या, साध्या चार ओळी चालतील. कोणत्या दिवशी, कोणत्या भागात, सापडलं तर काय करायचं आणि खड्डे बुजवून द्यायचे. दुसरी गोष्ट, तुमच्याकडे यंत्र आहे हे कळलं की आज ना उद्या कोणीतरी येईल आणि म्हणेल, "आमच्या शेतात आहे, महाराजांनी जागा दाखवली आहे, तुम्ही फक्त मशीन आणा." त्या माणसाला तिथेच नाही म्हणा. पूजेची, बळीची भाषा कानावर आली तर पोलिसांना आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना त्याच दिवशी कळवा.

परवानगी मिळाली तरी पडक्या वाड्याच्या आत जाऊ नका, निदान माथ्यावर छत आहे तोवर. बाहेरून सागवान धडधाकट दिसतं, आतून वाळवीने पोकळ झालेलं असतं. मातीत बांधलेली भिंत पावसाळाभर पाणी पिते आणि ऊन पडल्यावर कोसळते. वाड्यातली विहीर फळ्यांनी झाकलेली असते, फळ्या कुजलेल्या असतात. बूट घोट्याच्या वर असावेत, आणि खाली न बघता हात कुठल्याही फटीत घालू नये. साप चावलाच तर मंत्र-बिंत्र नाही, 108 ला फोन करून सरळ सरकारी दवाखान्यात.

काही जागांवर तर यंत्र नेऊच नका. सीताबर्डीचा किल्ला आणि कामठीची छावणी लष्कराच्या ताब्यात आहेत. सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले कितीही ओसाड दिसले तरी त्यांतले बरेचसे सरकारी आहेत. कस्तुरचंद पार्कवर खोदकामात जुन्या तोफा निघाल्या, तेव्हापासून अनेकांना वाटतं की शहरात कुठेही खणलं तर काहीतरी लागेल. लागेलही, पण ते शहराचं आहे.

आणि दगडांची वर्तुळं. नागपूरकर म्हणून हे तुम्हाला कळकळीने सांगते. काटोल रोडवरचं जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, पारशिवनीकडचं नायकुंड, इथली माळरानावरची ती वर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत, अडीच हजार वर्षांहून जुनी. बघणाऱ्याला नुसते धोंडे दिसतात, कुंपण नसतं, माणूस नसतो. यंत्र मात्र तिथे नक्की वाजेल, कारण खाली लोखंडाच्या कट्यारी आहेत, घोड्यांचे लगाम आहेत. माहुरझरीला घोड्याच्या सांगाड्यासोबत तांब्याचा साज मिळाला. तो घोड्याबरोबर मिळाला म्हणूनच कळलं की तो घोड्याचा आहे. नुसता पत्रा कोणी उपसून नेला असता तर तो भंगार ठरला असता. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी निघाली. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण मी शिक्षेपोटी सांगत नाही. एका सुट्टीच्या दिवशी तिथे कुदळ पडली, तर त्या माणसांविषयी आपल्याला कळू शकणारं काहीतरी कायमचं जातं. जुन्या वस्तूंची एवढी ओढ असेल तर आधी अजब बंगल्यात जा. मध्यवर्ती संग्रहालय 1863 पासून आपल्याच शहरात आहे आणि तिथली नाण्यांची दालनं बघण्यासारखी आहेत. तिथल्या अधिकाऱ्यांना तुमच्या सापडलेल्या नाण्यांच्या नोंदी दाखवायला हरकत नाही, अर्थात अर्ज दिल्यानंतर.

मग फिरायचं कुठे? ओळखीच्या शेतकऱ्याच्या नांगरलेल्या शेतात, उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी. जुन्या आठवडी बाजाराच्या जागेवर, ग्रामपंचायतीच्या परवानगीने. तिथे भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, नवे पैसे भरपूर मिळतात आणि कोणाच्या घरातलं काही उपसावं लागत नाही. आपल्या काळ्या मातीत यंत्र उगीचही वाजतं, खाली बेसाल्ट आहे, तेव्हा दर आवाजाला खड्डा खणू नका, आधी यंत्र त्या मातीशी जुळवून घ्या. आणि एक काम असं आहे ज्यासाठी गाव तुम्हाला स्वतः बोलावेल. निंदणाच्या दिवसांत बायांची कानातली, जोडवी, कधी मंगळसूत्राची वाटी शेतात पडते, आणि मग अख्खं घर दोन दिवस माती चाळत बसतं. तुमचं यंत्र ते अर्ध्या तासात शोधू शकतं. कळमेश्वर-सावनेरकडच्या चार गावांत तुमचा नंबर देऊन ठेवा आणि पैसे घेऊ नका.

राहिला मित्र. अर्जात त्याचंही नाव येणार, कारण डबी दोघांना मिळून सापडली आहे. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी त्याच्याशी बोला, शक्य असेल तर त्याला बरोबरच न्या. तो तयार झाला नाही, तरी तुम्ही तुमचा अर्ज द्यायचा आहे, हे त्याला आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे मागून कळल्याचा राग त्याला येणार नाही. नाण्यांतली दोन-तीन त्याच्याकडे असतील तर ती आधी परत मागून घ्या. अर्जात सात म्हणून लिहायचं असेल, तर सातही हातात असायला हवीत.